‘मृगशीर्ष’चा न दाखवलेला भाग

दुपारची जेवणं उरकली, बायकोच्या, कमळच्या, गोळ्या झाल्या, फाटकाला कुलूप लागलं, की दत्तात्रेय टीव्हीसमोर बसायचे. दिवसातला तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा होता. सकाळ जायची कमळची अंघोळ, तिची वेणी आणि ‘माझी आई कुठं गेली’ याला रोज नवं उत्तर शोधण्यात. दिवस कलला की ती दाराशी उभी राहून ‘मला घरी सोडा’ म्हणत राहायची. ती तिच्याच घरात उभी आहे हे तिला पटवायचा नाद त्यांनी सोडून दिला होता. मधली दुपार मात्र शांत. त्या वेळात दत्तात्रेय थळमध्ये नसायचे. पृथ्वीवरच नसायचे. ते ‘यान मृगशीर्ष’वर असायचे.

ही मालिका त्यांनी तरुणपणी पाहिली होती. माणगावच्या आतल्या भातशेतीच्या गावातून ते नुकतेच खताच्या कारखान्यात लागले होते. समुद्राची सवय नाही, मासळीचा वास सोसत नाही, ओळखीचं कुणी नाही. रविवारी सकाळी कॉलनीच्या क्लबात सगळे एका टीव्हीभोवती जमायचे आणि निळ्या पडद्यावर ते यान तरंगत यायचं. पुठ्ठ्याच्या भिंती, त्यावर लग्नाच्या मांडवातल्यासारखे उघडझाप करणारे दिवे, चंडोल नावाचा पत्र्याचा यंत्रमानव, आणि कप्तान रणधीरचा तो खर्जातला आवाज – ‘घाबरू नका, मार्ग निघेल.’ आणि मार्ग निघायचाच. यान कुठल्याही संकटात सापडो, भाग संपेपर्यंत सगळे सुखरूप असायचे. परक्या गावात एकट्या पडलेल्या पोराला त्या आवाजाचा केवढा आधार वाटला होता, हे त्यांनी कधी कुणाला नीट सांगितलं नव्हतं.

मग एके दिवशी मालिका अचानक बंद झाली. यान एका खडकाळ ग्रहावर उतरलं होतं, समुद्रातून ग्रहवासी वर येत होते, ‘पुढील भागात’ अशी पाटी आली, आणि पुढचा भाग कधी आलाच नाही. त्याच्या जागी कुठलंसं शेतीविषयक काहीतरी लागलं. कारण कुणी दिलं नाही.

खारघरला राहणाऱ्या रुचितानं, त्यांच्या लेकीनं, मागच्या दिवाळीत ही मालिका इंटरनेटवर शोधून टीव्हीला जोडून दिली. “बाबा, तुम्ही आईपायी स्वतःकडे बघतच नाही. निदान हे तरी बघत जा,” म्हणाली. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून चढवलेले भाग होते. चित्रात रेघा यायच्या, मधेच आवाज बसायचा. पण रणधीर तोच होता. पहिल्या दुपारी ‘घाबरू नका’ ऐकलं आणि दत्तात्रेयांना कितीतरी महिन्यांनी खुर्चीत पाठ टेकवाविशी वाटली.

कमळला या मालिकेचं वावडं. लग्न झालं तेव्हापासूनच. नव्या नवलाईत त्यांनी तिला अंथरुणात पडल्या पडल्या अख्खी गोष्ट सांगितली होती, ग्रहवासी पाण्यातून येतात तिथपर्यंत. ती एक अक्षर बोलली नव्हती. पुढं कधी मित्रांत विषय निघाला की ती उठून स्वयंपाकघरात जायची. ‘हिला असलं अधांतरी काही आवडत नाही,’ असं दत्तात्रेय हसत सांगायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिच्याच माहेरच्या गावात, थळला, किनाऱ्याजवळ छोटं घर बांधलं. तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, “समुद्राकडं नको, आत कुठं बघू या ना.” थळमध्ये जन्मलेली बाई समुद्र नको म्हणते याचंही त्यांना हसू आलं होतं.

आता आजारात तिला वावड्याचीही आठवण राहिली नव्हती. ती त्यांच्याशेजारी बसून पडद्याकडे बघत असायची, जसं खिडकीतून बघावं तसं. यानातले भाग चालले की तिचे डोळे मिटायचे. दत्तात्रेयांना ते बरं वाटायचं. दोघं एकाच जागी, एकाच वेळी निवांत, हे दुर्मिळच झालं होतं.

माघाच्या सुमारास ते खडकाळ ग्रहाच्या भागांपाशी आले. पडद्यावर काळी खडपं, मागं राखाडी पाणी. कॅसेट इतकी झिजलेली की आकाश आणि समुद्र यांतली रेघ दिसत नव्हती. दूरवर, चंदेरी झगे घातलेले ग्रहवासी ओळीनं उभे होते. सगळे पाठमोरे, पाण्याकडे तोंड करून.

कमळ उठली. खोलीच्या मधोमध गेली आणि टीव्हीकडे पाठ करून उभी राहिली.

“कमळ, बस. काय झालं?”

“कोणी वळायचं नाही,” ती म्हणाली. “पाण्याकडे बघत राहा. मी सांगेपर्यंत कोणी वळायचं नाही.”

बोलणं तिचं नव्हतं. शब्द शहरी, सूर पुरुषी, हुकमी. आणि मग पडद्यावर रणधीर तोंड उघडण्याआधी तिनं त्याचं वाक्य म्हटलं. “हे लोक आपल्याकडे का बघत नाहीत, डॉक्टर?” तिच्यामागोमाग रणधीरनं तेच विचारलं. मग डॉक्टरचं उत्तर, तेही तिच्या तोंडून आधी. भिंतीकडे तोंड करून, हात अंगाशी सरळ ठेवून ती बोलत होती. स्वतःच्या ब्लाउजचे हुक लावणं तिला जमत नव्हतं, सकाळचा चहा झाला की नाही हे आठवत नव्हतं. आणि हे शब्द जसेच्या तसे.

भाग संपला तशी ती येऊन बसली आणि तिनं पाणी मागितलं.

त्यांनी रुचिताला फोन केला. “कधीतरी बघितलं असेल तिनं, बाबा. डॉक्टर म्हणाले होते ना, जुनं राहतं आणि नवं जातं.”

“तिनं कधीच बघितलं नाही, रुचिता. मी सांगतो ना.”

“मग तुम्ही नका लावू ते तिच्यासमोर.”

पण त्यांनी लावलं. लावल्याशिवाय त्यांना राहवेना. आधी जी विश्रांती होती तिची जागा आता दुसऱ्याच कशानं तरी घेतली होती. दुपार कधी होते याची ते वाट बघू लागले. प्रत्येक भागात जिथं जिथं तो किनारा यायचा, तिथं कमळ उठून पाठ फिरवायची, आणि यानाचा पुठ्ठा आला की खाली बसायची. शेवटचा उपलब्ध भाग लागला. समुद्रातून ग्रहवासी वर यायला लागले, ‘पुढील भागात’ची पाटी आली, चित्र गेलं. पडदा काळा झाला. कमळ उभीच राहिली.

“आता ते परत जातात,” ती म्हणाली.

दत्तात्रेय खुर्चीच्या कडेवर सरकले. “कोण?”

“पाण्यातले लोक. कप्तान बोलतो, आमच्याबरोबर चला. ते चालत न्हायत. पाण्यात जातात, हळूहळू. गुडघ्यापर्यंत. मंग कमरेपर्यंत.” आता आवाज तिचा होता, पण कोवळा, माहेरचा, लग्नाआधीचा असावा तसा. “सगल्यांनी एकमेकींचा हात धरायचा.”

“मग पुढं? यान परत जातं का पृथ्वीवर?”

हा प्रश्न त्यांच्या पोटात तरुणपणापासून अडकलेला होता. समोर उभी असलेली बाई आजारी आहे, ती थरथरते आहे, तिच्या पायांत चपला नाहीत, यातलं काही त्या क्षणी त्यांना दिसलं नाही.

“मंग तो ओरडतो, कट. सगल्या वळतात.” कमळ थांबली. “एक वळत न्हाय.”

‘कट’ हा शब्द ऐकला आणि दत्तात्रेय गार पडले. गोष्टीत राहणारं माणूस हा शब्द बोलणार नाही. तो शूटिंगच्या जागी उभ्या राहिलेल्या माणसालाच ऐकू येतो. त्यांनी तिला जवळ घेऊन बसवलं, पुढं काही विचारलं नाही, आणि टीव्हीची वायर भिंतीतून काढून ठेवली.

दुसऱ्या दुपारी टीव्ही नव्हता म्हणून असेल, किंवा आदल्या रात्री झोप झाली नव्हती म्हणून, दत्तात्रेयांचा खुर्चीतच डोळा लागला. जाग आली तेव्हा घर फार शांत होतं. ‘कमळ’ म्हणून हाक मारली. आतून उत्तर नाही. खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातली चावी फाटकाच्या कुलपात लटकत होती. कुलूप उघडं. जिला डब्याचं झाकण काढता येत नव्हतं तिनं खिसा चाचपून, चावी ओळखून ते उघडलं होतं. आणि अंगणात स्कूटर उघडी पडली होती. तिच्यावरचं चंदेरी कव्हर नव्हतं.

शोधायला कुठं जायचं हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. पाय सरळ समुद्राकडे वळले.

कोळीवाडा मागं टाकून, होड्या ओढून ठेवलेल्या वाळूपलीकडे, जिथं बायका ओहोटीला खडकाच्या शिंपल्यांतली कालवं काढायला जातात तिथं काळी खडपं आत लांबवर गेली होती. माणूस कुणी नव्हतं. समोर खांदेरी-उंदेरीचे जलदुर्ग धुरकट दिसत होते. खडपांच्या टोकाशी, पाण्याच्या अगदी कडेला ती उभी होती. अंगावर ते चंदेरी कव्हर झग्यासारखं लपेटलेलं. पाठमोरी.

हे दृश्य त्यांनी पाहिलं होतं. तोच कोन, तीच राखाडी, आकाश आणि पाणी यांच्यातली पुसलेली रेघ. आपण खुर्चीत झोपलोच आहोत आणि पडदा चालू आहे असंच त्यांना वाटलं. मग एक लाट खडपावर फुटली आणि पाणी तिच्या पायांवरून मागं गेलं. भरती लागली होती.

“कमळ! मागं ये! पाणी भरतंय!”

ती हलली नाही. शेवाळावरून घसरत, कधी हात टेकत, कधी बसून सरकत ते पुढं झाले. भातखाचरातला माणूस, खडपावर चालायची सवय नाही. कालवांच्या कपच्यांनी तळवे कापले. जवळ गेल्यावर दिसलं, तिचा उजवा हात बाजूला किंचित पुढं होता आणि बोटं मिटलेली होती. एखाद्याचा हात धरल्यावर मिटतात तशी.

“कमळ, अगं मी आहे. वळ ना इकडं.”

“सांगेपर्यंत वळायचं न्हाय,” ती समोर बघत पुटपुटली. बाजूला मान न वळवता तिनं दुसऱ्याच कुणाला तरी सांगितलं, “थांब गो थोडा. आता बोलंल तो.”

पुढची लाट तिच्या पोटऱ्यांपर्यंत आली. कव्हरचा काठ भिजून जड झाला आणि तो तिला पाण्याकडे ओढू लागला. दत्तात्रेयांचा हात अजून पोहोचत नव्हता. मधल्या घळीत पाणी शिरलं होतं आणि तिची खोली त्यांना कळेना. मग त्यांनी छातीत असेल तेवढी हवा भरली आणि ओरडले.

“कट!”

कमळ वळली. लगेच, हुकमाची ताबेदार असावी तशी. चेहऱ्यावर हसू होतं, काम झाल्यावर पोरींच्या चेहऱ्यावर येतं तसं. पण तो उजवा हात तिनं सोडला नाही. “चल गो,” असं बाजूला म्हणाली आणि घळीच्या अरुंद जागेतून, दत्तात्रेयांना दिसलीच नसती अशा वाटेवरून ती येऊ लागली. दगड न बघता पाय टाकत होती. दर दोन पावलांनी थांबायची, मागच्याला वेळ द्यायची. “हळू. हितं शेवाळ हाय. झगा वर धर.”

त्यांनी तिचा डावा हात पकडला. कोरडा आणि कोमट होता. वाळूवर आल्यावर ती थांबली, उजवी मूठ अलगद उघडली आणि हात खाली सोडला. मग दत्तात्रेयांनी तो हात घेतला, पुसावा म्हणून. पाण्यापासून तो वर होता, सबंध वेळ. तरी मनगटापर्यंत चिंब भिजलेला, आणि इतका गार, की बर्फाच्या पेटीतून काढलेल्या मासळीला हात लागल्यासारखं वाटावं. तळव्यावर बोटांचे पांढरे वळ उमटले होते. ते तिच्याच नखांचे असतील असं त्यांनी स्वतःला सांगितलं. त्यांनी नीट बघितलं नाही.

“सखूला सांगा,” कमळ म्हणाली. “मी तिला आणली.”

सखू म्हणजे सखुबाई, थळचीच, कमळपेक्षा थोरली, नागावला दिलेली. लग्नाला आली होती, कमळला मिठी मारून खूप रडली होती, आणि मग दोघींचं येणं-जाणं का राहिलं नाही हे दत्तात्रेयांनी कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कमळला रिक्षात घालून नागावला गेले.

सखुबाईच्या वाडीत नारळीखाली पर्यटकांसाठी खोल्या काढलेल्या होत्या. सून त्या बघायची, सखुबाई पडवीत सुपारी कातरत बसलेली. कमळला तिनं लगेच ओळखलं. कमळनं तिला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. ती झोपाळ्यावर जाऊन बसली.

दत्तात्रेयांनी घडलं ते सांगितलं. सखुबाईच्या हातातला अडकित्ता थांबला.

“म्हंजी तुमाला म्हाइतच न्हाय, भावोजी? एवढ्या वर्सांत सांगितला न्हाय तिनं?”

“काय सांगितलं नाही?”

“माजी धाकटी भैन होती, सगुणा. कमळच्या जोडीची. दोघी कालवं काढायला बरोबर जायच्या. मी तवा हितं नांदत होते. मुंबयची मानसं आली शूटिंगला. त्यांच्या बायकांचे पाय खडपावर ठरत न्हवते, म्हनून त्यांनी कालवंवाल्या पोरींना इचारलं. हौस वाटली पोरींना. घरी कोनी सांगितला न्हाय. चंदेरी झगे दिले, बोलले, पाठ करून पान्यात चालत जायचं, हात धरून.” तिनं अडकित्ता खाली ठेवला. “भरतीची येळ. ते झगे भिजल्यावर दगडावानी झाले. तो मानूस कट बोलला तशा पोरी वळल्या. कमळच्या हातातला हात सुटलेला. सगुणा दिसलीच न्हाय.”

“सापडली?”

“न्हाय.”

पडवीत फक्त झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज होत होता.

“मुंबयवाल्यांनी सामान गुंडालला. बापूस बोलला, कालवं काढताना गेली, एवढाच सांगायचा. बाकीच्या पोरींची लगनं व्हायची होती. कमळला तिच्या बापानं शपथ घातली.”

दत्तात्रेयांना ती लग्नानंतरची रात्र आठवली. अंधारात ते उत्साहानं सांगत होते, ग्रहवासी कसे पाण्यातून येतात, त्यांचे झगे कसे चमकतात, आणि शेवट काय झाला असेल ग. शेजारी ती जागी होती. जन्मभर ते तिच्याकडे त्या मालिकेतून बघत आले होते, आणि ती पाठमोरी उभी होती, मालिकेतही आणि घरातही. त्यांना सखुबाईच्या तोंडाकडे बघवेना.

“मना दाखवाल?” सखुबाईनं विचारलं. “मी बघितली न्हाय कदी. आमच्याकडं टीव्ही न्हवता, आला तवा सगला बंद झालेला.”

त्यांनी फोनवर तो भाग काढला. छोट्या पडद्यावर खडपं आली, चंदेरी ओळ आली. सगळ्या सारख्याच, पाठमोऱ्या, रेघांनी खाल्लेल्या. कोण कुठली हे कळणं शक्य नव्हतं. पण सखुबाईनं डोळे बारीक केले आणि बोट टेकवलं. “ही. एका पायावर भार देऊन उभी राहायची, आयस ओरडायची तिला.” बोट लागलं तसं चित्र थांबलं. पाणी थांबलं. तिच्या बोटाखालची मुलगीही थांबली. शेजारची, तिचा हात धरलेली, ती कमळ असणार.

सखुबाई बघत राहिली. पडदा मंद व्हायला लागला की ती त्याला हळूच स्पर्श करायची, पुन्हा उजेड व्हायचा. असं कितीतरी वेळ चाललं. दत्तात्रेयांनी फोन मागितला नाही.

“ती तिथं न्हाय आता,” झोपाळ्यावरून कमळ म्हणाली. तिनं फोनकडे पाहिलं नव्हतं. ती पडवीच्या पायरीकडे बघत होती.

सखुबाईनंही पायरीकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. सकाळचं ऊन होतं, आणि पायरीचा दगड एका बाजूला ओला होता. सुनेनं सडा टाकला असेल. सखुबाई बराच वेळ त्या ओल्या दगडाकडे बघत होती. मग पदरानं तोंड पुसून ती उठली.

“उन्हात कशाला बसलीस, आत ये,” ती म्हणाली. कमळ झोपाळ्यावर सावलीत होती. सखुबाईनं दार सताड उघडलं, थोडं थांबली आणि मग चहा टाकायला आत गेली.

त्यानंतर कमळ कधी समुद्राकडे निघाली नाही. संध्याकाळी ‘मला घरी सोडा’ म्हणणंही बंद झालं. आजार मात्र थांबला नाही. पावसाळ्यापर्यंत तिला रुचिता ओळखू येईना आणि गणपतीनंतर दत्तात्रेयही. ती कुणालाच घाबरत नव्हती, एवढाच फरक. दुपारी तो टीव्ही आता लागत नाही. दत्तात्रेय तिच्याशेजारी बसतात, कधी तिची नखं कापतात, कधी नुसतेच गप्प. अधूनमधून रिक्षा करून दोघं नागावला जातात. सखुबाई कमळच्या केसांना खोबरेल लावते आणि तिला माहेरच्या गोष्टी सांगते. सांगता सांगता ती मधेच दाराकडे वळून कुणाला तरी ‘व्हय की न्हाय गो’ असं विचारते. दत्तात्रेय दाराकडे पाठ करून बसतात, आणि ऐकत राहतात.